वाकलेल्या आईची दोन पानं

बाई, हा शब्द तुम्हाला ठाऊक नव्हता. वर्गात मी तुम्हाला 'टीचर' म्हणायचे, मनात मात्र पहिल्या दिवसापासून बाईच म्हणत आले, कारण आमच्या साताऱ्यात जी शिकवते ती बाई, मग ती चीनमधून आलेली का असेना. काल तुमच्या नातीचा फोन आला. मी तिला पाहिली तेव्हा बारा वर्षांची होती, आता स्वतः आई झाली आहे. "आंटी, डॅडनी मला आजीची सात पानं दिली," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली, "पण आजी तर नेहमी नऊ म्हणायची. खरं कोणाचं?" मी म्हटलं, तुझ्या आजीचं. नऊच आहेत. फोन ठेवला आणि कपाटातली फाइल काढून नऊही पानं तिला पाठवून दिली. तुमच्या मुलाला विचारलं नाही. आपल्या आईच्या गोष्टीतली दोन पानं इतकी वर्षं दाबून ठेवणाऱ्या माणसाची परवानगी मागायची मला गरज वाटली नाही, आणि आता तो रागावला तरी रागावू दे.

मी न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आले ती २००२च्या ऑक्टोबरात, नवऱ्याच्या व्हिसाला टाचलेल्या व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, आणि दुपारी बाराच्या पुढे त्या अपार्टमेंटमध्ये फ्रिजच्या घरघरीशिवाय आवाज नाही. मंगळवारी सकाळी लायब्ररीत इंग्रजी बोलण्याचा फुकट वर्ग असतो, असं वरच्या मजल्यावरच्या नागपूरच्या काकूंनी सांगितलं. लायब्ररी पायी पंचवीस मिनिटांवर, रस्त्याला फुटपाथ नाही, कडेच्या गवतातून चालायचं. त्या पहिल्या दिवशी तुम्ही फळ्यापाशी उभ्या होतात. आखूड कापलेले पांढरे केस, पुरुषी शर्ट, आणि खडू धरलेला उजवा हात सारखा थरथरतोय. तुम्ही प्रत्येकीला विचारत होतात की इथे येण्याआधी काय करत होता. 'हाउसवाइफ', 'हाउसवाइफ', 'हाउसवाइफ'. त्यातली एक पुण्याची दाताची डॉक्टर होती, हे मला नंतर कळलं. माझी पाळी आली तेव्हा मीही तेच म्हटलं. "आत्ताचं नाही विचारलं," तुम्ही म्हणालात, "आधीचं विचारलं." मग मी सांगितलं की जिल्हा न्यायालयात स्टेनो होते, नऊ वर्षं. तुम्ही खडू खाली ठेवलात. वर्ग सुटल्यावर मला थांबवलंत आणि एकच प्रश्न केलात, "मिनिटाला किती शब्द?" मी म्हटलं, शंभर. "उद्या माझ्या घरी ये. वही मी देईन."

तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. गॅसवर बांबूची चाळण, तिच्यात वाफवलेले पांढरे पाव, खिडकीत कांद्याच्या पातीचा ग्लास आणि भिंतीवर तुमच्या वडिलांचा एकुलता एक फोटो, ताठ मानेचा. तुम्हाला तुमच्या लहानपणीचं युद्ध लिहून हवं होतं. जपानी सैन्य तुमच्या नदीकाठच्या गावात शिरलं तेव्हा तुम्ही अकरा वर्षांच्या होतात. चाळीस वर्षं न्यू जर्सीतल्या पोरांना गणित शिकवलंत आणि यातलं अक्षर कधी घराबाहेर सांगितलं नाहीत. आता हात चालत नव्हता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढेमागे आवाजही जाईल. "मुलाला मराठी... नाही, चिनी वाचता येत नाही, म्हणून इंग्रजीत का?" असं मी काहीतरी बोलून गेले आणि जीभ चावली. तुम्ही मोठ्यानं हसलात. नंतर बर्फ सुरू झालं आणि मी कापडी बुटांत ओली होऊन आले, तेव्हा काही न बोलता तुम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरलंत, मला त्यावर पाय ठेवायला लावलंत आणि थरथरत्या हातानं पेन्सिलीनं पावलाभोवती रेघ काढलीत. गुरुवारी गेले तर दाराशी माझ्या मापाचे बर्फातले बूट. मी नको नको म्हणायला लागले. "स्टेनो आजारी पडली तर माझं काम अडेल," एवढंच तुम्ही म्हणालात.

पण त्याआधी मी तुमची बोलणी खाल्ली. तिसऱ्या का चौथ्या दिवशी. आदल्या वेळचं तुम्ही वाचून दाखवायला सांगितलंत आणि मी वाचलं, 'माझ्या आईला वेशीवरच्या पहारेकऱ्यापुढे नाइलाजानं वाकावं लागे.' तुम्ही हात वर केलात. "नाइलाजानं, असं मी म्हटलं?" मी शॉर्टहँड पाहिलं. म्हटलं नव्हतं. "मग ते कुठून आलं?" सातारच्या कोर्टात साक्षीदार दहा मिनिटं रडत बोलायचा आणि न्यायाधीशसाहेब त्याचं मला इंग्रजीत दोन ओळींत सांगायचे, त्या दोन ओळी कागदावर जायच्या. माणसाचं बोलणं बेताचं, बरं दिसेल असं करून घ्यायची सवय माझ्या बोटांना तिथेच लागली असेल. मी तसं सांगितलंही. तुम्ही टेबलावर पुढे झुकलात. "इथे साहेब नाहीत. माझ्या आईवर दया करायची असेल तर ती घरी जाऊन कर. इथे मी बोलते ते लिही." माझे डोळे भरून आले होते, पण तुम्ही त्याकडे लक्षही दिलं नाहीत. "लिही. माझी आई वाकली. पूर्णविराम."

त्या दिवसानंतर मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तुमचे वडील गावच्या शाळेचे हेडमास्तर. सैन्यानं वेशीवर पहारा बसवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं कमरेत वाकून नमस्कार करायचा हुकूम काढला. शाळेत जपानी भाषेची पुस्तकं आली. वडिलांनी पुस्तकांचं खोकं उघडलं नाही आणि वेशीवर ते वाकले नाहीत. पहिल्या दिवशी थोबाडीत बसली, दुसऱ्या दिवशी बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. नवव्या दिवशी ते घरात, तुमच्या आजीच्या मांडीवर गेले. इथपर्यंतची गोष्ट तुमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. तुमच्या मुलाला आजोबांचंच नाव दिलेलं होतं.

पुढची कोणालाच माहीत नव्हती. वडील गेल्यावर आठवड्यानं आई वेशीवर गेली, पहारेकऱ्यापुढे वाकली आणि हातवारे करून काम मागितलं. तिला छावणीतले कपडे धुवायचं काम मिळालं. मजुरी म्हणून सैनिकांच्या भाताच्या कढईतली खरवड आणि मूठभर मीठ. घरात चार मुलं आणि सासू. "कपड्यांवर कधी कधी रक्त असायचं," तुम्ही म्हणालात. "ते कुठल्या गल्लीतलं आहे हे आईला माहीत असायचं. ती राखेच्या पाण्यात भिजवून ते काढायची." मी मान वर केली. "लिहितेयस ना?" तुम्ही विचारलंत. तुम्ही दोन दिवस ती खरवड खाल्ली नाहीत. तिसऱ्या दिवशी खाल्लीत. पण वर्षभर तिला आई म्हणून हाक मारली नाहीत. तिच्या देखत शेजारणीला सांगितलंत की माझे वडील गेले तेव्हाच माझी आईही गेली. ती ऐकत होती आणि हातातल्या टोपल्यातली खरवड पाच वाट्यांत सारखी वाटत होती. सातेक वर्षं ती सकाळ-संध्याकाळ वाकली. ती पाचही माणसं जगली.

युद्ध संपलं आणि गावकऱ्यांनी तिच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवून तिला बाजारातून फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं. तुम्ही अठरा वर्षांच्या होतात, गर्दीत उभ्या होतात. तुमच्यासमोरून जाताना तिनं विचारलं, पाटीवर काय लिहिलंय ग? "मी सांगितलं नाही," तुम्ही म्हणालात. "मी दुसरीकडे बघितलं." नंतर तुम्ही काकांबरोबर तैवानला गेलात, तिथून शिष्यवृत्तीवर अमेरिकेत, आणि ती तिकडेच वारली. टेबलावरचा पाव गार झाला होता. मार्च महिना होता, बाजूच्या छोट्या टीव्हीवर आवाज बंद करून इराकचं युद्ध चाललं होतं, वाळूतून रणगाडे जात होते. तुम्ही त्याकडे बोट केलंत. "आता तिथल्या वेशीवरही कोणीतरी उभं राहील. आणि कोणाची तरी आई कामाला जाईल. तिचं कोणी लिहिणार नाही." मग म्हणालात, "पानं किती झाली?" मी अंदाजानं सांगितलं, टाइप केल्यावर नऊ होतील.

मे महिन्यात लायब्ररीत कार्यक्रम ठरला होता. गावातल्या जुन्या लोकांनी आपापल्या आठवणी वाचायच्या, एका शनिवारी दुपारी. तुमचा आवाज तोवर अगदी खाली गेला होता, म्हणून तुमचं मी वाचायचं ठरलं. मी टाइप केलेली प्रत तुम्ही तुमच्या मुलाला दिलीत. दोन दिवसांनी तो आमच्या दाराशी. दारातच बूट काढले, संत्र्यांची पेटी आणली होती, इतकं नीट, मऊ बोलणारा माणूस मी कमी पाहिलाय. "पाचव्या पानानंतरची दोन पानं काढून टाकली तर बरं," तो म्हणाला. "आईचं वय झालंय. तिच्या मनात गोंधळ झालाय. आमच्या लोकांतले बरेचजण येतील. माझी मुलं येतील. त्यांना त्यांच्या पणजोबांची गोष्ट माहीत आहे, ती पुरे." मी म्हटलं, त्यांच्या मनात काही गोंधळ नाही. त्यानं संत्र्यांची पेटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "तुमचे मिस्टर आमच्याच ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये आहेत ना? तिसऱ्या मजल्यावर, कॉन्ट्रॅक्टवर?" बस, एवढंच. तो त्या कंपनीत डायरेक्टर होता हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं.

नवरा घरी आल्यावर मी सांगितलं. तो सोफ्यावर टाय न काढताच बसला. "अगं, दोन पानं आहेत ना? कॅन्सल कर. कोण विचारणारे?" मी म्हटलं, बाई विचारतील. "यार, तुला कळतंय का? आमच्या टीममधल्या चौघांना मागच्या महिन्यात बिनकामाचं बेंचवर बसवलं. जॉब गेला की व्हिसा गेला, व्हिसा गेला की बॅगा भरायच्या. आई-बाबांना काय सांगू, एका चायनीज आजीच्या आईसाठी परत आलो?" तो वाईट माणूस नव्हता, नाही. त्याच्या जागी तो बरोबरच होता. पण त्याच्या तोंडून 'चायनीज आजीची आई' हे शब्द ऐकले आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. सातेक वर्षं रोज वाकलेली बाई, तिला एका वाक्यातसुद्धा उभं राहू द्यायचं नाही, तेही तिच्या मरणानंतर तीस-चाळीस वर्षांनी, एका लायब्ररीच्या हॉलमध्ये.

शनिवारी हॉल भरला होता. घडीच्या खुर्च्या, मागे कॉफीचा थर्मास. तुम्ही पहिल्या रांगेत, तुमच्याशेजारी नात, तिच्यापलीकडे मुलगा आणि सून. मी उभी राहून वाचायला लागले. शाळा, खोकं, वेस, दस्ता, नऊ दिवस. लोक रडत होते. पाचवं पान संपलं. मी टाइप केलेले कागद टेबलावर पालथे ठेवले, पर्समध्ये नेहमी असायची ती शॉर्टहँडची वही काढली आणि वहीतून वाचायला लागले. 'माझी आई वाकली.' माझे उच्चार साताऱ्याचे, मध्येच शॉर्टहँडची एखादी खूण उलगडायला वेळ लागे, आणि त्या थांबण्यानं हॉल जास्तच शांत होत होता. रक्त, राख, खरवड, पाटी. 'मी दुसरीकडे बघितलं' इथे आले तेव्हा एक खुर्ची करकरली. तुमचा मुलगा उठून बाहेर गेला. सून बसून राहिली. नातीनं तुमचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला.

मग प्रश्न. तुमच्याच समाजातले एक गृहस्थ उठले, डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे तुमच्या आई आतून आपल्या लोकांना मदत करत होत्या. छावणीतल्या बातम्या बाहेर देत होत्या. हो ना?" किती प्रेमानं विचारलं होतं त्यांनी! एक 'हो' म्हटलं असतंत तर तुमची आई तिथल्या तिथे वीर ठरली असती, मुलगा परत आत आला असता, सगळे उठून टाळ्या वाजवत राहिले असते. तुम्ही माइक मागितलात. आवाज कागद घासल्यासारखा येत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "नाही. ती कपडे धूत होती." ते गृहस्थ उभेच. तुम्ही पुन्हा म्हणालात, "मी तिच्यासाठी माफी मागायला आलेले नाही. तिची माफी मागायला आले आहे. तुम्ही फक्त ऐकायचं."

बाई, त्यानंतर मी किती कार्यक्रम पाहिले, किती भाषणं ऐकली. असं ताठ कोणी बसलेलं पाहिलं नाही.

ऑगस्टमध्ये नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. तुमच्या मुलानं संपवलं की आपसूक संपलं हे आम्हाला कधी कळलं नाही, आणि मी शोधलंही नाही. जॉर्जियात अल्फारेटाला दुसरा प्रोजेक्ट मिळेपर्यंतचे दिवस आमच्या घरात फार वाईट गेले. नवऱ्यानं एकदाच, जेवताना, ताटातून डोळे न उचलता म्हटलं, "दोन पानांसाठी." मी म्हटलं, हो, दोन पानांसाठी, आणि पुन्हा तसंच करीन. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी, ग्रीन कार्ड आल्यावर, मी इथल्या कोर्टात काम धरलं तेव्हा त्यानंच मला रोज गाडीनं सोडलं. दुसऱ्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. लायब्ररीतल्या बाईंनी फोन करून कळवलं. अंत्यविधीला तुमच्या वडिलांबद्दल पुष्कळ बोलले म्हणे, आईबद्दल कोणी नाही. मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. माझ्या ओळखीतले मला सांगतात की जाऊ दे, प्रत्येक घरात झाकलेलं असतंच, त्यांचं ते बघतील. मी नाही जाऊ देणार. ज्यांना वाकून पाच माणसं जगवावी लागली नाहीत त्यांनी कुणाची मान किती वाकली ते मोजू नये. तुमच्या नातीला पानं मिळाली आहेत. तिनं आज सकाळी पुन्हा फोन केला. रात्रभर पुन्हा पुन्हा वाचत होती. तिच्या लेकीला ती हे वाचून दाखवणार आहे, मोठी झाली की, आणि नऊही पानं.

फोन ठेवताना ती म्हणाली, "आंटी, आजी नेहमी सांगायची की त्या हॉलमध्ये एकच माणूस घाबरलं नव्हतं, ते म्हणजे तुम्ही." मी काही बोलले नाही. तुम्हीही त्या दिवशी पार्किंगमध्ये माझा दंड धरून तेच म्हणाल्या होतात, आणि मी तेव्हाही गप्प राहिले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, कोणी वाचणार नाही, तर इथे सांगते. संत्री घेऊन आलेल्या तुमच्या मुलाला मी 'बरं' म्हटलं होतं. टेबलावर पालथे ठेवले त्या कागदांत तुमच्या आईची पानं नव्हतीच, मी सातच टाइप करून आणली होती आणि सातच वाचणार होते. पाचवं पान संपवून सहज समोर पाहिलं तर तुमचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. तुम्ही माझ्याबरोबर शब्दन्शब्द म्हणत होतात आणि माझ्यापुढे गेल्या होतात, वेशीपाशी पोचल्या होतात. धाडसबिडस काही नव्हतं, बाई. तुमच्या मुलाची भीती वाटत होतीच. त्या क्षणी तुमची जास्त वाटली.